स्वतंत्र आणि मोफत व्हिडिओ गेमवर रविवार पुरवणीसाठी लेख कसा लिहावा

मराठी दैनिकांच्या रविवार पुरवण्या नाटक, चित्रपट, पुस्तके आणि संगीत यांना नेमाने जागा देतात. व्हिडिओ गेम तेथे आलाच तर मुलांच्या व्यसनाची बातमी म्हणून, नाहीतर एखाद्या बड्या कंपनीच्या नव्या यंत्राची ओळख म्हणून येतो. एकट्याने किंवा दोघा-चौघांनी मिळून घडवलेले आणि पुष्कळदा फुकट वाटलेले गेम या दोन्ही चौकटींबाहेर राहतात, कारण त्यांच्यामागे जाहिरात खाते नसते आणि त्यांच्यावरून कोणी तक्रारही करत नाही. गोव्यातील मराठी दैनिकांत, मासिकांत किंवा दिवाळी अंकांत या विषयावर लिहू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. अशा लेखाचा वाचक बहुधा तो गेम कधीच खेळणार नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच मान्य करावी. लेख त्याच्यासाठीच लिहायचा असतो.

इतर देशांतील सर्वसाधारण नियतकालिकांनी हे कसे साधले ते आधी पाहावे. अमेरिकेतील ‘एस्क्वायर’ हे काही गेमचे मासिक नव्हे. तरीही २००८च्या अखेरीस त्याने जेसन रोहरर या निर्मात्यावर दीर्घ लेख छापला. रोहररचा २००७ मधील ‘पॅसेज’ हा गेम जेमतेम पाच मिनिटांचा असून तो कोणालाही फुकट मिळतो. २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’ने टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांवर आणि त्यांच्या ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’वर असाच ऐसपैस लेख दिला. हे भाऊ तेव्हा २००६ पासून गेम फुकट देत होते आणि खेळणाऱ्यांच्या देणग्यांवर गुजराण करत होते. पुढे २०१४ मध्ये त्याच मासिकाने ‘ट्वाइन’ या मोफत साधनाची आणि त्यावर शब्दांचे गेम रचणाऱ्यांची दखल घेतली. मधल्या काळात, २०१२ साली, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहासाठी पहिले चौदा गेम निवडले आणि त्यांत ‘पॅसेज’ आणि ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हे दोन्ही होते.

‘एज’ किंवा ‘पीसी गेमर’ यांसारख्या खास गेमच्या मासिकांना मुख्यतः एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: इतके पैसे मोजून हा गेम घ्यावा की नाही? फुकट गेमच्या बाबतीत हा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे त्या मासिकांतही असे गेम बरीच वर्षे एखाद्या कोपऱ्यातील चौकटीत किंवा सोबतच्या सीडीवर राहिले. आपल्याकडेही ‘डिजिट’सारख्या संगणक मासिकाबरोबर सीडी येत असे, आणि टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट रखडत चालायचे त्या दिवसांत मोफत गेम घरी पोहोचण्याची ती खात्रीची वाट होती, मात्र त्या गेमविषयी छापून येत असे ते एक-दोन ओळींचे. आता गेम मिळवणे सोपे झाले आहे, तेव्हा लेखाला गेमच्या उपलब्धतेची बातमी द्यायची नसून त्यात पाहण्यासारखे काय आहे ते सांगायचे आहे.

निवड

पहिली काळजी ‘फुकट’ या शब्दाची. मोबाइलवरील बहुतेक ‘फुकट’ गेम उतरवून घेताना पैसे मागत नाहीत, पण पुढे नाणी, हिरे आणि जाहिराती यांच्या रूपाने वसुली करतात. त्यांना फ्रीवेअर म्हणू नये. फ्रीवेअर म्हणजे संपूर्ण गेम विनामूल्य, हक्क मात्र निर्मात्याकडे. मुक्तस्रोत गेममध्ये मूळ संगणकीय आज्ञाही सर्वांना खुल्या असतात आणि परवान्याच्या अटींत राहून त्या बदलता येतात. तिसरा प्रकार ‘वाटेल ते द्या’ असा असतो; २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘इच डॉट आयओ’ या गेम वाटपाच्या संकेतस्थळावर तो पुष्कळ दिसतो. आणि स्वतंत्र गेम फुकट असलाच पाहिजे असे नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधील ‘राजी’ स्वतंत्र आहे, पण तो विकत घ्यावा लागतो. लेखात यांपैकी नेमके काय आहे ते एका वाक्यात स्पष्ट करावे.

एकाच गेमची फुकट आणि विकत अशी दोन रूपे असतील, तर ही स्पष्टता अधिकच आवश्यक ठरते. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ची अक्षरे आणि चिन्हे यांच्यातच सारे जग दाखवणारी जुनी आवृत्ती अजूनही फुकट मिळते, डिसेंबर २०२२ मध्ये आलेली सचित्र आवृत्ती विकत घ्यावी लागते. जपानच्या दाइसुके अमाया यांनी एकट्याने पाच वर्षे खपून २००४ मध्ये फुकट दिलेला ‘केव्ह स्टोरी’ आणि डेरेक यू यांचा २००८ मधील ‘स्पेलंकी’ यांचीही पुढे विक्रीची रूपे निघाली. वाचकाने घाईने शोध घेतला तर त्याला विकतची आवृत्ती आधी दिसते आणि लेखकाने फसवले असा त्याचा समज होतो.

गेम जुना असला तरी बिघडत नाही. फुकट गेमला प्रकाशनाचा दिवस, पोस्टर आणि पहिला खेळ यांचा गाजावाजा नसतोच, त्यामुळे तो पंधरा वर्षांचा असला तरी पुरवणीच्या वाचकासाठी नवाच असतो. मात्र तो आज चालतो का, हे स्वतः तपासावे. ब्राउझरमध्ये चालणारे असंख्य छोटे गेम फ्लॅशवर बेतलेले होते आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या तंत्राचा आधार काढून घेतल्यानंतर त्यांपैकी पुष्कळ मूळ जागी बंद पडले. शक्य असल्यास गेम आपल्या नव्या लॅपटॉपवर न तपासता घरातील किंवा शेजारच्या एखाद्या जुन्या, सावकाश चालणाऱ्या संगणकावर तपासावा, कारण पेडणे किंवा सांगे तालुक्यातल्या वाचकाकडे बहुधा तसाच संगणक असेल, नाहीतर केवळ फोन असेल. गेम फोनवर चालत नसेल तर तसे लिहावे.

उतरवून घेण्याचा पत्ता निर्मात्याच्या स्वतःच्या पानाचाच द्यावा. भलत्या संग्रहस्थळांवरून तीच फाइल आणखी काय काय सोबत घेऊन येईल याचा नेम नसतो. छोट्या निर्मात्यांच्या फाइलवर सशुल्क डिजिटल सही नसल्याने विंडोज पुष्कळदा ‘हे ॲप अनोळखी आहे’ अशा अर्थाचा इशारा देते. हा इशारा येतो हे वाचकाला सांगून ठेवावे, पण ‘घाबरू नका, पुढे जा’ असा सरसकट सल्ला छापू नये. पत्ता खरा आहे का ते पाहावे आणि फाइल अँटिव्हायरसने तपासावी, इतके सांगणे पुरे.

गेम शेवटपर्यंत खेळावा, हे वेगळे सांगावे लागू नये. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’सारख्या गेमला शेवटच नाही, ‘हरण्यातच मजा’ हे त्याचे घोषवाक्यच आहे. अशा वेळी एखादा डाव मोडून पडेपर्यंत खेळावा आणि तो कशामुळे मोडला ते टिपून ठेवावे. लेखाला लागणारा मजकूर पुष्कळदा तेथेच सापडतो.

लिहिणे

गोव्यातील वाचकाला समीक्षा वाचण्याची सवय आहे. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेच्या दिवसांत फोंड्यापासून काणकोणपर्यंतच्या नाट्यसंस्थांच्या प्रयोगांविषयी तो वृत्तपत्रात वाचतो, आणि त्यांतील चांगल्या परीक्षणाकडून त्याची अपेक्षा ठरलेली असते: संहिता कशी आहे, नटाने ती कशी पेलली, नेपथ्याने आणि प्रकाशाने काय मदत केली. गेमच्या लेखालाही हाच ढाचा उपयोगी पडतो. संहितेच्या जागी नियम येतात. नटाच्या जागी खेळणारा स्वतः येतो, आणि लेखकाने नेमके हेच पकडायचे असते, की हे नियम खेळणाऱ्याला काय करायला लावतात आणि ते करताना त्याला काय वाटते. कथानक आणि चित्रे नंतर आली तरी चालतात. गेमविषयीच्या बहुतेक फसलेल्या लेखांत हा क्रम उलटा झालेला असतो. पडद्यावर काय दिसते याचे वर्णन भरपूर असते, पण बोटे काय करत होती ते सापडत नाही.

‘पॅसेज’विषयीचा परिच्छेद उदाहरणादाखल असा लिहिता येईल:

‘पडदा म्हणजे एक अरुंद, आडवी पट्टी आहे, रुंदी शंभर ठिपके आणि उंची अवघी सोळा. डाव्या टोकाला एक तरुण उभा आहे. पुढचे सगळे उजव्या टोकाला दाटीवाटीने, अस्पष्ट दिसते. थोडे चालल्यावर एक तरुणी भेटते. तिला स्पर्श केला तर ती सोबत येते आणि मग दोघे मिळून चालतात. पण एकट्याला शिरता आले असते अशा फटींतून दोघांना जाता येत नाही, त्यामुळे खालच्या चक्रव्यूहातील काही पेट्या कायमच्या हातच्या जातात. चालता चालता तो पट्टीवर उजवीकडे सरकत राहतो; आता मागचे सगळे डाव्या टोकाला आक्रसून जाते. केस पिकतात, पाठ वाकते. एका क्षणी ती उरत नाही, आणि त्यानंतर त्याची चाल मंदावते.’

या परिच्छेदात ‘भावस्पर्शी’, ‘अप्रतिम’, ‘विचार करायला लावणारा’ असा एकही शब्द नाही, आणि त्याची गरजही नाही. फटीतून दोघांना जाता येत नाही हा नियम सांगितला की वाचक पुढचे स्वतः समजून घेतो. शेवट सांगावा की नाही हा प्रश्न येथे येतो. पाच मिनिटांच्या गेमचा शेवट झाकून ठेवला तर लिहायला फारसे काही उरत नाही, तेव्हा तो सांगावा. मात्र ‘केव्ह स्टोरी’सारख्या कित्येक तासांच्या साहसकथेत पहिल्या तासापलीकडचे रहस्य फोडू नये.

गेमच्या परिभाषेबाबत सोवळेपणा नको आणि तिचा माराही नको. लेव्हल, स्कोअर, कीबोर्ड, डाउनलोड हे शब्द सर्वांना कळतात. ‘रोगलाइक’ किंवा ‘मेट्रॉइडव्हेनिया’ हे मात्र वाचकाच्या अंगावर फेकू नयेत. ‘स्पेलंकी’ रोगलाइक आहे असे म्हणण्यापेक्षा, दर डावाला गुहा नव्याने रचली जाते, मेलात की आरंभापासून, आणि पाठ करून ठेवलेला रस्ता येथे कामाला येत नाही, असे लिहावे. दोन ओळी जास्त जातात, पण त्या वाया जात नाहीत.

आता एका ठराविक साच्याविषयी. मासिकांनी स्वतंत्र गेमची दखल घेतली ती बहुतांशी निर्मात्याच्या व्यक्तिचित्रातून, आणि त्यातून ‘बंद खोलीतील एकाकी प्रतिभावंत’ ही गोष्ट इतकी रुळली की आता कोणत्याही निर्मात्याला त्याच साच्यात ओतले जाते. अमाया यांच्याबाबतीत ती बरीचशी खरी आहे. पण ॲडम्स बंधू दोघे आहेत, आणि ‘केव्ह स्टोरी’ जपानबाहेर पसरला तो हौशी चाहत्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले म्हणून. संगीत कोणी दिले, चित्रे कोणी काढली, भाषांतर कोणाचे, चाचणी कोणी केली, हे गेमच्या श्रेयनामावलीत पाहून लिहावे. नाटकाच्या परीक्षणात नेपथ्यकाराचे नाव गाळले तर दुसऱ्या दिवशी फोन येतो. गेमच्या बाबतीत फोन येत नाही इतकेच.

‘पहिला’ या शब्दापासूनही दूर राहावे. गोव्यातील पहिला गेम, मराठीतील पहिला गेम, भारतीय पुराणांवरील पहिला गेम, असले दावे मथळ्याला आकर्षक वाटतात आणि तपासायला गेले की कोसळतात, कारण फुकट गेमची कोठे नोंद होत नाही आणि कोणीतरी महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून आधी काहीतरी करून ठेवलेले असते. तसेच विषयाच्या मोठेपणावर गेम तोलू नये. लीना केजरीवाल यांच्या प्रकल्पातून आलेला ‘मिसिंग’ हा मुलींच्या तस्करीवरील मोफत गेम घेऊ. अशा गेमविषयी लिहिताना सामाजिक प्रश्नावर दोन स्तंभ भरणे फार सोपे असते. गेम म्हणून तो खेळणाऱ्याला कोणते पर्याय देतो आणि कोणते नाकारतो, हे लिहिणे अवघड असते, आणि लेख त्यासाठीच असतो.

फुकट आहे म्हणून सौम्यपणे लिहावे, असाही एक समज आहे. वाचकाचे पैसे जात नसले तरी त्याची संध्याकाळ जाते. उणीव असेल ती स्पष्ट लिहावी, मात्र मोजमाप योग्य ठेवावे: एका माणसाने फावल्या वेळात केलेल्या कामात आवाज दिलेली पात्रे नाहीत ही उणीव नव्हे, उडी मारण्याची कळ उशिरा प्रतिसाद देते, ही उणीव होय. तारे किंवा गुण देऊ नयेत. पाचपैकी साडेतीन असे छापले की वाचक तेवढेच वाचतो.

निर्मात्याशी संपर्क

लहान निर्माते बहुधा स्वतः उत्तर देतात, हा या विषयातील मोठाच लाभ आहे. ई-मेल छोटा ठेवावा, कोणत्या नियतकालिकासाठी लिहीत आहोत आणि लेख मराठीत असेल हे सांगावे, आणि चार-पाचच प्रश्न विचारावेत. ‘प्रेरणा कोठून मिळाली’ हा प्रश्न गाळावा. त्याची उत्तरे सर्वत्र सारखीच येतात. त्याऐवजी खेळताना अडलेल्या जागेविषयी विचारावे: ही फट इतकी अरुंद का ठेवली, हा शत्रू येथेच का, अमुक गोष्ट आधी होती आणि मग काढली असे काही आहे का. ज्याने गेम खरोखर खेळला आहे त्यालाच असे प्रश्न सुचतात, आणि निर्मात्यालाही ते लगेच कळते. पुष्कळांकडे चित्रे, तारखा आणि माहिती एकत्र ठेवलेला प्रसिद्धीसंच असतो. व्लॅम्बीअर या छोट्या गेमसंस्थेच्या रामी इस्माइल यांनी त्यासाठी एक मोफत साधनच करून दिले होते, त्यामुळे असे संच ठेवण्याचा प्रघात पडला. संचातील वाक्ये जशीच्या तशी उचलू नयेत.

प्रसिद्धी सर्वांनाच हवी असते असे गृहीत धरू नये. हनोईच्या डाँग गुयेन यांनी २०१३ मध्ये ‘फ्लॅपी बर्ड’ हा साधा, फुकट गेम आणला. पुढच्या वर्षाच्या आरंभी तो जगभर पहिल्या क्रमांकावर गेला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये, आपल्याला हे सहन होत नाही असे सांगून त्यांनी तो मागे घेतला. आपल्या पुरवणीने असा पूर येणार नाही हे खरे, पण निर्माता अठरा-वीस वर्षांचा स्थानिक विद्यार्थी असेल तर त्याचे गाव, महाविद्यालय आणि छायाचित्र छापण्यापूर्वी त्याला स्पष्ट विचारावे, आणि अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकांनाही.

गोव्यात आणखी एक पेच आहे. येथे कोण कोणाचा नसतो? फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखाद्या मुलाने गेम केला तर तो लेखकाच्या मावसभावाचा वर्गमित्र निघण्याची शक्यता बरीच असते. ओळख असेल तर ती लेखाच्या तळाशी एका ओळीत नोंदवावी, आणि नाते जवळचे असेल तर लेख दुसऱ्याला लिहू द्यावा. गेममध्ये माड, मांडवी आणि मासळी बाजार आहेत म्हणून त्याचे कौतुक करणे हाही पक्षपातच. त्या बाजारात खेळणाऱ्याला काही करता येते का, की तो नुसता मागचा पडदा आहे, हे पाहावे.

चित्रे

जुन्या धाटणीच्या गेमची चित्रे छपाईत हमखास बिघडतात, म्हणून हे काम पानाची मांडणी करणाऱ्यावर सोडू नये. ‘केव्ह स्टोरी’चा मूळ पडदा ३२० × २४० ठिपक्यांचा आहे. इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने तो जेमतेम २७ मिलिमीटर रुंद छापला जाईल. तो ताणून मोठा केला की संगणक कडा गुळगुळीत करतो आणि स्वच्छ चौकोनांचा लगदा होतो. यासाठी चित्र स्वतःच बरोबर चौपट करावे, म्हणजे १२८० × ९६०, आणि आकार बदलताना कडा गुळगुळीत न करणारा, ‘निअरेस्ट नेबर’ या नावाचा पर्याय निवडावा. मग ते सुमारे ११ सेंटिमीटर रुंदीपर्यंत नीट छापता येते. साडेतीनपट, पावणेचारपट असे अपूर्णांक टाळावेत, कारण त्यात काही ठिपके शेजाऱ्यांपेक्षा जाड होतात. फाइल जेपीईजीऐवजी पीएनजी स्वरूपात द्यावी. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणून गडद गुहेपेक्षा उजेडातील प्रसंग निवडावा आणि तो कृष्णधवल करूनही पाहावा. पान रंगीत असेल याचा भरवसा नसतो. परवानगी निर्मात्याकडून लेखी घ्यावी. बहुतेक जण आनंदाने देतात.

संपादकाकडे

पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून ज्या पुरवणीसाठी लिहायचे तिचे मागील काही महिन्यांचे अंक चाळावेत, म्हणजे स्तंभाची लांबी, चित्रांची जागा आणि अलीकडे या विषयावर काही आले आहे का ते कळते. त्यानंतर पुरवणीच्या संपादकांना आठ-दहा ओळींचा प्रस्ताव पाठवावा: कोणता गेम, तो न खेळणाऱ्याने लेख का वाचावा, किती शब्द, चित्रे आहेत का. ‘गेमवर नियमित सदर लिहू इच्छितो’ अशी सुरुवात करण्यापेक्षा एक पूर्ण लेख सोबत जोडणे केव्हाही चांगले. साधारण आठशे शब्द बहुतेक ठिकाणी बसतात. मजकूर युनिकोडमध्ये पाठवावा आणि सोबत पीडीएफही जोडावी, कारण अनेक कार्यालयांत तो जुन्या फॉन्टमध्ये उतरवला जातो आणि त्यात रफार आणि जोडाक्षरे इकडची तिकडे होतात.

वेळ साधली तर काम सोपे होते. एप्रिल-मे महिन्यांत परीक्षा संपलेल्या मुलांसाठी मजकूर हवा असतो. जानेवारीअखेर जगभर ‘ग्लोबल गेम जॅम’ होतो, ज्यात ठरलेल्या मुदतीत गेम पूर्ण करायचा असतो. त्या सुमारास लेख दिला तर संपादकाला निमित्त मिळते. नोव्हेंबरात इफ्फीमुळे पुरवण्या चित्रपटांनी भरून जातात, तेव्हा प्रस्ताव पाठवू नये. दिवाळी अंकासाठी दीर्घ लेख लिहायचा असेल तर पावसाळ्यातच संपादकांशी बोलून ठेवावे आणि गणेश चतुर्थीच्या आधी तो हातावेगळा करावा, कारण चतुर्थीच्या दिवसांत गोव्यात कोणाकडून काही काम होत नाही, संपादकाकडूनही नाही.

गेमचे नाव मराठीत वाचून ते शोधण्यासाठी रोमन लिपीत टंकित करणे वाचकाला जड जाते, म्हणून लेखाच्या शेवटी चौकटीत मूळ नावाचे स्पेलिंग, निर्मात्याच्या पानाचा पत्ता आणि क्यूआर कोड छापून घ्यावा. चौकटीतच संगणकाची गरज, फाइलचा आकार, भाषा आणि किमतीची नोंद असावी. क्यूआर कोड छापील पानावरून फोनने तपासावा, केवळ पडद्यावरून तपासू नये. लेख आल्यावर त्याचे कात्रण आणि इंग्रजीत चार ओळींचा गोषवारा निर्मात्याला पाठवावा. त्याने एखादी चूक दाखवली तर पुढच्या रविवारी दुरुस्ती छापून घ्यावी, आणि दुवा बदलला असेल तर तोही त्याच दुरुस्तीत द्यावा.